वेस्ट मांबलममध्ये कोणी आजारी नाही

पडद्यावर चेन्नईचा नकाशा होता. शहराच्या उत्तर टोकाला एन्नोरच्या जागी एकशे बारा, आणि आमच्या वेस्ट मांबलमच्या जागी शून्य. मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. शून्यच!

"या वॉर्डात मानसिक आजार असलेली किंवा दिव्यांग व्यक्ती एकही आढळली नाही," देवेश नावाचा सल्लागार सांगत होता. सरकारी कामासाठी कुठल्याशा कंपनीने त्याला दिल्लीहून पाठवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, बोलणं सगळं इंग्रजीत. "त्यामुळे अशा लोकांसाठी इथे होणारं निवासी देखभाल केंद्र एन्नोरला हलवावं, अशी आमची शिफारस आहे."

एन्नोरला केंद्र हवंच. तिथल्या वीजप्रकल्पांच्या राखेत आणि धुरात माणसं राहतात, त्यांना एक सोडून चार द्या. पण आमचं उचलून त्यांना? आणि का, तर आम्ही सगळे ठणठणीत! समाजमंदिराच्या साठही खुर्च्या भरल्या होत्या आणि मी एकेकाचं तोंड न्याहाळत होते. पहिल्या रांगेत पुरुषोत्तमराव, आमच्या गल्लीतल्या तंजावरकडच्या मराठी मंडळींच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांची थोरली बहीण सईबाई गेली तीस वर्षं मागच्या खोलीत आहे, तिचं ताटसुद्धा खिडकीतून आत जातं. त्यांच्या मागे माझी शेजारीण कामाक्षी. तिचा कार्तिक बावीस वर्षांचा घोडा झाला, एक शब्द बोलत नाही, दिवसभर पुढे-मागे झुलत बसतो. पलीकडे गिरीधर. त्यांचा भाऊ राणोजी म्हणे अमेरिकेत असतो. अमेरिकेतला हा माणूस रोज दुपारी चार वाजता गिरीधरांच्याच गच्चीवर कावळ्यांशी भांडताना दिसतो. आणि ही सगळी मंडळी त्या शून्याकडे बघून माना डोलवत होती. लाज म्हणून काही असते की नाही?

मी उठले. "माझा भाऊ आहे," मी तमिळमध्ये ठणकावून सांगितलं. "हेरंब. वय एक्कावन्न. स्किझोफ्रेनिया. तुमच्या शून्यात तो कुठे बसतो ते जरा दाखवा."

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. बघू देत. तीस वर्षं बँकेत काढली मी, काउंटरपलीकडची नजर मला नवी नाही. मी हेरंबला कधी लपवलं नाही. डॉक्टरला, घरमालकाला, दूधवाल्याला, ज्याला त्याला मी स्पष्ट सांगते. हे पाणी असल्या भित्र्या लोकांच्या अंगात नसतं.

मंचावर समाजकल्याण खात्याच्या हेमलता मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, पण कान उघडे ठेवून ऐकणाऱ्या. त्यांनी माझा पत्ता विचारला आणि फॉर्मच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला.

"तुमच्याकडे आमची पाहणी करणारी मुलगी येऊन गेलीय, मॅडम. मंगळवारी सकाळी. हे उत्तर तुमच्याच घरून आलंय."

मंगळवारी सकाळी मी बाजारात होते. घरात कोणी आजारी किंवा दिव्यांग आहे का? नाही. खाली, मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात दोन ओळी: मी आणि माझी बहीण दोघेही उत्तम आहोत. मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. सही, हेरंब.

मी कागद परत दिला आणि खाली बसले. पुरुषोत्तमरावांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि च् च् केलं. त्यांनी! च् च्!

आता हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. हेरंब तेवीस वर्षांचा असताना साताऱ्याला आमच्या घरी त्याला आवाज ऐकू यायला लागले. बँकेच्या परीक्षेला बसला होता, पेपर अर्धा टाकून पळून आला. आई त्याला म्हणाली, "अभ्यासाने थकलास रे, पुढच्या वर्षी दे." पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. मरताना माझा हात धरून म्हणाली, "त्याला काही कळू देऊ नकोस." मग तो माझ्याकडे चेन्नईला आला, आणि मीही तेच चालवलं. गोळ्या म्हणजे स्मरणशक्तीचं टॉनिक. महिन्याला डॉक्टरकडे जायचं ते डोळे तपासायला. रोज सकाळी तो गणितं सोडवतो, मी ती तपासते. एकही चुकत नाही. साऱ्या जगाला सांगितलं मी, तेवढं त्याला सोडून. तो बिचारा नाही म्हणून लिहील नाहीतर काय! त्याच्याशी दयेपोटी खोटं बोलणं वेगळं आणि या लोकांचं लपवणं वेगळं, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं, आणि ते मला पटलंही.

केंद्र मला कशाला हवं होतं? तर माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर वर्षभर मागे लागलेत. दोन-तीन महिने तरी मी उभी राहणार नाही, आणि कदाचित उठणारच नाही. मग हेरंबला कोण बघणार? केंद्र होणार होतं आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत, जुन्या प्रसूतिगृहाच्या रिकाम्या इमारतीत. हेरंब संध्याकाळी तिच्यावरूनच फिरायला जातो. तिथे तो आपल्या पायांनी गेला असता. एन्नोर? अहो, हा माणूस मांबलम स्टेशनचा जिना चढत नाही. गाडीत सगळे आपल्याविषयी बोलतात म्हणतो, आणि अंगावरचा शर्ट फाडायला लागतो. एन्नोरचं केंद्र त्याच्यासाठी चंद्रावर काढल्यासारखंच.

"आता काहीच करता येणार नाही?" मी हेमलता मॅडमना विचारलं.

"दहा दिवसांत पुरवणी यादी देता येते. वॉर्डात किमान पंधरा व्यक्ती दाखवा, केंद्र इथेच राहील. पण मी स्वतः येऊन पडताळणी करणार. माणूस समोर हवा, नातेवाईक समोर हवा. आणि काय झालंय ते नातेवाइकाने माणसाच्या देखत, त्याला ऐकू जाईल असं सांगायचं. पाठीमागे कोणाला भरती केलेलं मला चालत नाही."

"त्यात काय एवढं!" मी म्हटलं.

दोन दिवस मी घरोघरी हिंडले. कामाक्षीने दारातच हात जोडले, आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली, "अक्का, पुढच्या महिन्यात हरिणीचं लग्न आहे. मुलाकडच्यांना कार्तिक आजीकडे शिकतो म्हणून सांगिटलंय. नको गे." आतून पाटावर झुलण्याचा टक् टक् आवाज येत होता. गिरीधर म्हणाले, राणोजी पुढच्या वर्षी सुट्टीवर येईल तेव्हा बघू. मी वर गच्चीकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, तो भाडेकरू आहे. थोबाडीत मारावी असं वाटलं. सतरा घरं झाली आणि माझ्या कागदावर नाव एकच, हेरंबचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तमराव स्वतः आले. कपाळाला गंध, हातात केळ्यांची फणी. मंडळाच्या अध्यक्षांची पायधूळ माझ्या घरी अकरा वर्षांत पहिल्यांदा झडली.

"अलकनंदाबाई," ते हळूच म्हणाले, "एन्नोर म्हणजे बरीच लांब, नाही? इथलं कोणी तिथे जाणार नाही, कोणी बघणार नाही."

"म्हणजे?"

"सईबाईंची सोय झाली तर बरं, असं मनात आहे. पण आमच्या घरचा पत्ता नको. नातींची लग्नं व्हायचीत. तुमच्या फॉर्मवर तसंही एक नाव आहेच. दुसरं लिहिलं तर काय बिघडलं? तुमच्या दूरच्या आत्या म्हणून लिहा."

 मी सतरा उंबरे झिजवले ते लाजेचं भूत उतरवायला, आणि भूत बसलंय कुठे! यांना लपवायचं नव्हतंच नुसतं. यांना लांब हवं होतं. केंद्र एन्नोरला जातंय हे ऐकून ती समाजमंदिरातली डोकी खुशीने डोलत होती. तीन गल्ल्या पलीकडे ठेवलेलं माणूस बाजाराला जाताना दिसणार. पंचवीस किलोमीटरवर टाकलं की सुटलो!

केळ्यांची फणी त्यांच्या टाळक्यात घालावी, असं मनात आलं. पण तीस वर्षांची बँकेची नोकरी कामाला आली. मी फॉर्म पुन्हा वाचला. पत्त्याला एक रकाना होता, व्यक्तींच्या नावांसाठी पंचवीस ओळी. मी देवेशला फोन लावला आणि साळसूदपणे विचारलं, "एकाच पत्त्यावर जास्त लोक असले तर?"

"आमचं मॉडेल पत्ता मोजत नाही, मॅम, वॉर्ड मोजतं," तो म्हणाला. शाबास रे पठ्ठ्या. याच्या मॉडेलला दोन खोल्या आणि दोनशे खोल्या सारख्याच!

मी पुरुषोत्तमरावांना म्हटलं, "लिहिते. कोणाला बोलू नका हं."

बोलू नका म्हटलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. गिरीधर मागच्या दाराने आले. राणोजी अमेरिकेहून अचानक परतला होता. कामाक्षी रडत आली. एक निवृत्त हेडमास्तर आले, एक शेवयावाली आली, दोन तमिळ कुटुंबं आली. सगळ्यांचं गाणं एकच: तुमच्या पत्त्यावर लिहा, आणि एन्नोरलाच ना, नक्की? मी म्हणायची, "मोठे लोक काय ठरवतात ते बघायचं." चार-पाच दिवसांत माझ्या दोन खोल्यांच्या घरात हेरंब धरून पंधरा माणसं नांदायला लागली. माझ्या एका जन्मात नव्हते इतके आत्या, मामा आणि चुलतभाऊ मला त्या फॉर्मवर मिळाले. त्यातल्या एकाचंही नाव लिहायला सख्ख्या माणसाचा हात तयार नव्हता, सगळी नावं माझ्या अक्षरात.

मग मी निरोप धाडला: शनिवारी सकाळी अकराला बाई येणार, माणूस आणि नातेवाईक दोघं हजर पाहिजेत. माणूस नाही तर जागा नाही.

काय ती शनिवारची वरात! आमचा तळमजला, मी दारातच उभी होते. कामाक्षीने कार्तिकला साठ पावलांवरून रिक्षातून आणलं, तीही मागच्या गल्लीला वळसा घालून, त्याच्या डोक्यावर ओढणी टाकून. गिरीधर राणोजीला टोपी आणि गॉगल घालून घेऊन आले, आणि तसा तो खरंच अमेरिकेतून आल्यासारखा दिसत होता. सईबाई मात्र भर रस्त्याच्या मधून चालत आल्या. सत्तरीची बाई, नऊवारी हिरवं लुगडं, तीस वर्षांनी ऊन बघत होत्या आणि दर दुकानापाशी थांबून आत डोकावत होत्या. पुरुषोत्तमराव त्यांच्या दहा पावलं मागे, मोबाइल कानाला लावून, यांचा आपला काही संबंध नाही अशा थाटात. फोन बंद होता. मला दिसला ना!

हेरंबने सगळ्यांना पाणी दिलं. त्याला मी सांगितलं होतं की मंडळाची मीटिंग आहे. सईबाई त्याच्या बाकावर बसल्या, तशी त्याने वही बाजूला सरकवून जागा केली.

"काय लिहितोस?" त्यांनी विचारलं.

"चक्रवाढ व्याज."

"छान," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या वहीत बघत बसल्या.

हेमलता मॅडम आल्या. पंधरा माणसं आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकलेले पंधरा-वीस नातेवाईक बघून त्या दारातच थबकल्या. "हे सगळे इथे राहतात?"

"आज राहतात," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून पेन काढलं. "मला वॉर्ड बघायचाय. वॉर्ड इथे दिसतोय. सुरू करा."

आणि मग माझी करमणूक सुरू झाली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. पुरुषोत्तमराव खाकरले, घाम पुसला. "बहिणीला जरा अशक्तपणा आहे. नसांचा."

"नीट सांगा," हेमलता मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघून."

अध्यक्षांनी चपलांकडे बघितलं. तेव्हा सईबाईच म्हणाल्या, "मी सांगतें. माझ्या डोक्यात दोन बायका बोलतात. एक चांगली आहे, दुसरी फार शिव्या देते. हा मला वेडी म्हणतो. दार लावून म्हणतो, पण ऐकू येतं." पुरुषोत्तमरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "हो," ते कसेबसे म्हणाले, "तसंच आहे."

एक. मग राणोजी, मग कार्तिक. कामाक्षी हुंदके देत म्हणाली, "हा बोलत नाही. आजीकडे नसतो, माझ्याकडेच असतो." एकेकाच्या तोंडून खरं बाहेर पडायला असा वेळ लागत होता की विचारू नका. मी बोटांवर मोजत होते आणि मनात म्हणत होते, बघा कसे लाचार झालेत! सोपी गोष्ट, दोन वाक्यं, आणि यांची वाचा बसते. चौदा झाले. फक्त एक राहिलं होतं, केंद्र आमच्या गल्लीत येणार होतं, मी ऑपरेशनची तारीख घेणार होते.

"हेरंब," मॅडम यादीतून वाचत म्हणाल्या. "कोण?"

हेरंबने हात वर केला. मग हसला. "नाही नाही, माझं नाव चुकून आलं असेल. मी आजारी नाही. मी परीक्षेला बसतोय. ताईला विचारा."

सगळी खोली माझ्याकडे वळली.

सोपी गोष्ट. दोन वाक्यं. भर समाजमंदिरात ठणकावून सांगितलेली.  मी म्हटलं, "हेरंब, तू जरा आत जा, मी मॅडमना..."

"आत नाही," हेमलता मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या देखत."

"त्याला थोडा... अभ्यासाचा थकवा..." हे मी बोलले. मी! पुरुषोत्तमरावांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते च् च् करते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, अगदी ओळख पटल्यासारखे.

मी हेरंबसमोर गुडघ्यांवर बसले. "हेरंब, तुला आजार आहे. तेविसाव्या वर्षापासून. तुला आवाज ऐकू येतात, तो आजार आहे. त्या गोळ्या टॉनिक नाहीत. डॉक्टर डोळ्यांचे नाहीत."

त्याने वहीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "आणि परीक्षा?"

"परीक्षा नाहीये रे. वय उलटून गेलं. कधीच."

"कधी?"

"वीस वर्षं झाली."

त्याने वही मिटली. रडला नाही, ओरडला नाही. शर्टाला हात गेला, पण सईबाईंनी तो हात धरून ठेवला आणि त्याने धरू दिला. माझा धरला नाही. मी पुढे केला होता.

"रोज तपासत होतीस ना तू," तो म्हणाला. "रोज बरोबरची खूण करायचीस."

 कोणाचं थोबाड फोडायची खुमखुमी आता उरली नव्हती. उरली असलीच, तर ते थोबाड माझंच होतं.

"पंधरा," हेमलता मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "केंद्र इथेच होईल." ते ऐकून भिंतीपाशी कुजबुज उठली, कोणीतरी "अय्यो, इथेच?" म्हणालं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मॅडमनी फॉर्म हेरंबकडे वळवला. त्याने मोत्यासारख्या अक्षरात सही केली.

"शेवटचा रकाना," त्या म्हणाल्या. "जवळची व्यक्ती. तुम्हाला काही विचारायचं, सांगायचं असलं तर आम्ही कोणाला बोलवू? बहिणीचं नाव लिहू?"

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी.

"ह्यांचं लिहा," तो म्हणाला. "ह्या खरं सांगतात."

हेमलता मॅडमनी विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी सईबाईंचं नाव लिहिलं.